न पिता झोकांड्या

धाकटी डहाणूत दारू पिणाऱ्याला माणसात न धरणारे जे दोघे-तिघे होते, त्यांत सदानंद पहिला. चोवीस वर्षं बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. बोटीवर बाटली दिसली की बाटली खाडीत आणि बाटलीवाला धक्क्यावर. धाकल्या नावाच्या खलाशाला त्याने असंच भर हंगामात, सगळ्यांच्या देखत उतरवलं होतं. "समुद्र हलतो तेवढा पुरे, वर तू हलू नको," एवढंच म्हणाला होता.

२०१६च्या दिवाळीनंतर जाळं उपसताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या तळहातात घुसला. चार दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला, पू झाला, ताप चढला. डहाणूच्या एका खाजगी दवाखान्यात त्याला दाखल केलं आणि अठरा दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं टोचली. हात वाचला. डॉक्टर इतका खूश, की तो हात त्याने बाकीच्या पेशंटना नेऊन दाखवला.

घरी आल्यावर सदानंद खाटेवरून उठला आणि जमीनच डोलायला लागली. भिंत धरली तर भिंतही जागेवर नव्हती. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तो मोरीत पडायचा.

"अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणाला आणि लाल रंगाचं टॉनिक दिलं. तीन बाटल्या टॉनिक पोटात गेलं. जमीन काही थांबली नाही.

मग गाव बोलायला लागलं. चोवीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आता स्वतःला लागली! शेजारची रखमी चक्करीवर उपाय म्हणून कानात घालायला कसलंसं तेल घेऊन आली आणि जाताना वेणूच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या कानात कुजबुजली, "रोज किती घेतो गं?"

वेणूने तेलाची वाटी तिच्याच हातात परत ठेवली. "तुझ्या जिभेला लाव."

सगळ्यांत कहर झाला वरोरच्या लग्नात. भर दुपारी मांडवात शिरताना सदानंदचा तोल गेला. नवऱ्याकडच्या एका पोराने मोठ्या अदबीने त्याचा दंड धरला आणि त्याला बँडवाल्यांच्या मागे खुर्चीत बसवलं. "काका, इथेच बसा हां. लिंबूपाणी आणतो."

"ते प्यायलेले नाहीत!" वेणू ओरडली. ती जितकी ओरडली, तितकी माणसं तिच्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका काय कमी पाहिल्या होत्या त्यांनी! सदानंदने लिंबूपाणी घेतलं नाही. जेवलाही नाही.

शेवटी मुलगी हेमाली, जी वलसाडला दिलेली होती, त्याला तिकडच्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरबाईंनी त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं, त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून झटकन वळवलं, मग डोळे मिटून उभं केलं आणि पडायच्या आत पकडलं. दवाखान्याची फाईल उलटून पाहिली.

"तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो. या इंजेक्शनने दोन्ही कानांतला गेलाय."

"परत कधी येईल?" हेमालीने विचारलं.

"तो येणार नाही. पण व्यायामाने डोळे आणि पाय त्याचं थोडं काम शिकतात. वेळ लागेल."

इतक्या महिन्यांत सदानंदला पहिल्यांदाच समोरच्याचा राग आला नाही.

राग त्याने डहाणूसाठी राखून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी तो आणि वेणू जुन्या डॉक्टरपुढे जाऊन बसले. डॉक्टरने वलसाडचा कागद वाचला आणि बाजूला सरकवला. "हात कापावा लागला असता, माहीत आहे? जीव वाचवला तुमचा."

"वाचवलात. नाही कुठे म्हणतो? पण सहाव्या दिवशी मी सांगितलं, कानात शिट्टी वाजतेय. तुम्ही काय म्हणालात? पंखा जुना आहे."

डॉक्टरने पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

वेणू उठता उठता वर बघून म्हणाली, "पंखा तरी बदलायचा होतात."

वलसाडच्या बाईंनी व्यायाम लिहून दिले होते, पण सदानंद चालताना पायांकडेच बघायचा आणि आपटायचा. एका सकाळी धक्क्याच्या वाटेवर असाच कुंपण धरून उभा असताना मागून धाकल्या आला.

"तांडेल, पाय बघू नका. लांबचं काहीतरी नजरेनं धरा. पाय जरा फाकवून टाका. मी वीस वर्षं असाच घरी जातोय."

सदानंदच्या अंगाचा तिळपापड झाला. "तू मला चालायला शिकवणार?"

"दुसरा कोण शिकवणार? बाकीचे सरळच चालतात ना!"

धाकल्या निघून गेल्यावर सदानंदने इकडेतिकडे पाहिलं, खाडीपलीकडचं एक ताडाचं झाड नजरेने धरलं आणि पाय टाकला. वीस पावलं तो पडला नाही. हे जमलं याचाच त्याला दिवसभर संताप होता. तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच कुंपणापाशी जाऊन थांबला. धाकल्या रोज यायला लागला. "दहापर्यंत मी शुद्धीत असतो, तेवढ्यात उरका," म्हणायचा. सदानंद त्याला शिव्या देत चालायचा, पण चालायचा.

दोन वर्षांत दिवसाउजेडी काठी घेऊन बाजारापर्यंत जाण्याइतका तो सुधारला. तिन्हीसांजेनंतर वेणूचा खांदा लागतोच. समुद्र मात्र सुटला. बोट आता मुलगा जिग्नेश चालवतो, आणि वाईट चालवतो असं सदानंदचं मत आहे.

गावाचं मतही अजून बदललेलं नाही. हेमाली म्हणाली, "बाबा, वलसाडचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊ. कोणी काही बोललं की दाखवायचं."

"कोणाकोणाला दाखवू? अक्कल असलेल्याला ते लागत नाही, आणि नसलेल्याला कळत नाही."

खिशात तो फक्त एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर त्या इंजेक्शनचं नाव आहे आणि खाली हेमालीच्या अक्षरात 'हे देऊ नये'. साधी सर्दी झाली तरी डॉक्टरपुढे बसायच्या आधी तो ती टेबलावर ठेवतो. डॉक्टरांना वाचता येतं, अशी त्याची अजून समजूत आहे.