खिडकीपुढची उत्तरं

“किती दिवस राहणार?”

“तीन आठवडे.”

“कशासाठी आलात?”

“बहिणीला भेटायला. मी इथे काम करणार नाही. परतीचं तिकीट माझ्याकडे आहे.”

“अगं, एका दमात नको! श्वास घे. हं, पुन्हा.”

जेवणाच्या टेबलाची त्याने विमानतळावरची खिडकी केली होती. पलीकडे धाकटी लेक उभी, अलीकडे चेहरा जमेल तितका उग्र करून बाप. जमत काही नव्हतं, पण लेक बिचारी घाबरल्यासारखं करत होती. चौथ्या फेरीनंतर ती खरोखरच घाबरली.

“आता बस करा हो,” बायको ताटं घेऊन आली. “पोरीचा पोपट करून टाकलात.”

“तुला काय कळतंय? तिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला की संपलं!”

त्याला कळत होतं, कारण त्याचं पोटच त्यावर होतं. सरकारच्या परदेश प्रवास सल्ला कक्षात तो फोन घ्यायचा. कुठल्या देशाच्या दारात काय होऊ शकतं, ते लोकांना सांगायचा. मोबाइल तपासतील, वेगळ्या खोलीत बसवून ठेवतील, कारण न देता आल्या पावली परत पाठवतील. प्रत्येक फोनच्या शेवटी “जपून जा हं” म्हणायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नावच ‘जपून’ पडलं होतं. स्वतः कधी देशाबाहेर गेला नव्हता. पासपोर्टसुद्धा नव्हता. पण दिवसभर लोकांची भीती ऐकून ऐकून ती त्याच्या हाडात मुरली होती.

आणि आता भीती घरात आली होती. परदेशी राहणाऱ्या थोरलीच्या पोटात गाठ निघाली होती. नवरा सोडून गेलेला, पदरात चार वर्षांची पोर. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, “बाबा, शुद्धीवर येईन तेव्हा आपलं कुणीतरी समोर दिसू दे.” आईचे गुडघे गेलेले, बाप हा असा. म्हणून धाकटी निघाली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिचं विमान उतरणार होतं. तो ऑफिसात होता, पण सगळं लक्ष घड्याळाकडे. फोन वाजला.

“नमस्कार, परदेश प्रवास सल्ला कक्ष...”

“बाबा, मीच.”

हा नंबर त्यानेच तिच्याकडून पाठ करून घेतला होता.

“माझा मोबाइल काढून घेतलाय. इथल्या फोनवरून दोन मिनिटं बोलू दिलंय. बाबा, मी घाण केली हो!”

“काय झालं? सावकाश सांग.”

“खिडकीतल्या बाईंनी हसून विचारलं, प्रवास कसा झाला? आणि माझ्या तोंडून निघालं, मी इथे काम करणार नाही.”

“मग?”

“मग त्या हसायच्या थांबल्या. मी मात्र पुढचं सगळं म्हणतच गेले, थांबताच येईना. त्यांनी विचारलं, हे तुला कुणी पढवलं? मी म्हटलं, वडिलांनी. तुम्हीच सांगितलं होतं ना खरं बोलायचं? तर म्हणतात, सरळ भेटायला येणाऱ्याला पढवावं कशाला लागतं?”

“पोरी, मी शिकवलेलं सगळं विसर. त्यांना एवढंच सांग, आज माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे आणि मला भीती वाटतेय.”

“सांगितलं, बाबा. रडत रडत सांगितलं.” तिचा आवाज चिरकला. “त्या म्हणाल्या, हेही पाठ केलंय का? बाबा, काहीतरी करा ना. ताईला दुपारी आत नेणार आहेत.”

फोन कट झाला.

त्याने तिथल्या आपल्या वकिलातीत फोन लावला. आपण कोण, कुठल्या कक्षातले, सगळं सांगितलं. जवळजवळ पायाच पडला. पलीकडचा माणूस भला होता, त्याने मध्ये न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाला, “प्रवेश द्यायचा की नाही, हा सर्वस्वी त्या देशाचा अधिकार आहे. वकिलातीला त्यात हस्तक्षेप करता येत नाही.” ह्याचंच वाक्य. रोज दहादा म्हणायचा तो. शेवटी तो माणूस म्हणाला, “काळजी घ्या हं.”

कक्षाच्या प्रमुख बाईंनी घरी जायला सांगितलं, पण तो खुर्चीतून हलला नाही. पोरीने पुन्हा इथेच फोन केला तर? पुढचा फोन त्याने पहिल्याच घंटेला उचलला. एक आजोबा होते. नातवाला पहिल्यांदाच भेटायला निघालेले.

“त्यांनी काही विचारलं तर काय सांगू हो? तुम्ही सांगा, मी पाठ करतो.”

“नको!” तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पाठ काही करू नका, आजोबा. नातवाचं नाव सांगा. तो कसा दिसतो ते सांगा.” जपून जा म्हणायचं त्याला सुचलंच नाही.

संध्याकाळी निरोप आला, धाकटीला परतीच्या विमानात बसवलं.

ऑपरेशन नीट झालं, देवाची कृपा. थोरलीची पोर शेजारणीकडे होती. शुद्धीवर आल्यावर थोरलीने आईला फोन केला. “समोर भिंतीवरचं घड्याळ होतं गं, तेच बघत बसले,” म्हणाली. बापाशी बोलायचं का, तर दमलेय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो धाकटीला आणायला विमानतळावर गेला. माझ्यामुळे झालं, पोरी, मला माफ कर. वाटभर हेच मनाशी घोकत गेला. ती बाहेर आली. डोळे सुजलेले, भाचीसाठी घेतलेला कापडी ससा बॅगेतून डोकं काढून बघत होता. ती समोर उभी राहिली आणि त्याचं घोकलेलं सगळं बाजूलाच राहिलं.

“प्रवास कसा झाला?” तो म्हणाला.

“मी इथे...” ती म्हणाली, आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

त्याने तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. ससा आत ढकलून चेन लावायला गेला, पण ती सशाच्या कानात अडकत राहिली. शेवटी चेन तिनेच लावली.