वाढप्याची वाट

एकाला जागा करून देणे हे पुण्य आहे; परंतु त्यासाठी सर्वांची वाट बुजवणे हे पुण्याच्या वेषातले पापच होय. दोन्ही कृतींना आपण ‘सामावून घेणे’ असे एकच गोड नाव देतो, आणि घोटाळा तेथेच होतो.

मितालीला त्या आठवड्यात या शब्दाचाच वीट आला होता. मराठी मुलखाबाहेरच्या एका शहरात, झालाना भागातील एका कचेरीत ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या स्टेडियमचे आराखडे करीत असे. खेळाचे नाव फुटबॉल. खेळतात मात्र बहुधा लंबगोल चेंडू हातांत धरून. मैदान जमिनीत खोल उतरवलेले. भोवती पातेल्यासारख्या चढत गेलेल्या पायऱ्या, वर जाताना अधिकाधिक उभ्या, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही खेळ दिसावा. खुर्च्या थोड्या, बाकी लांबच लांब बाक आणि त्यांवर रंगवलेले क्रमांक. वर्षाकाठी सहा-सात सामने, एक पदवीदान, एखादी गाण्याची मैफल; एरवी ते प्रचंड पात्र रिकामेच. परंतु शेजारच्या विद्यापीठाचे स्टेडियम लाख प्रेक्षकांचे, म्हणून यांनाही लाख हवेत. मावत होते अठ्ठ्याण्णव हजार.

“सामावून घे गं,” तिचे वरिष्ठ राजनदादा म्हणाले.

“दादा, क्रमांक एकदा जवळ आणलेत. आता माणसाने श्वास घेतला तर शेजारी पडेल.”

“मग बाकांमधले काही जिने काढून टाक. लोक पलीकडच्या जिन्याने उतरतील. नियमात बसतंय.”

“काठावर बसतंय! आणि सगळे घाबरून एकदम उठले तर?”

“मतलब, आता तू अग्निशमन दल झालीस? सोमवारी तुझ्या सहीने आराखडा जायचाय.”

मितालीने कपाळावर हात मारून घेतला. सही केली तर परक्या मुलखातल्या अनोळखी जिवांची वाट तिच्या हातून बुजणार होती; न करावी, तर नोकरी जाणार होती.

रविवारी राजा पार्कातल्या सभागृहात मराठी मंडळाची पंगत होती. व्यवस्था अर्थातच राजनदादांकडे. मिताली आमटी वाढत होती. लष्करी वसाहतीतून उशिरा आलेले एक कुटुंब दोन रांगांच्या मधोमध पाने मांडून बसले, आणि राजनदादा कडाडले.

“अहो, उठा! वाढप्याची वाट आहे ती! आमटी उकळती आहे, मुलाच्या अंगावर सांडली म्हणजे?”

“थोडं सामावून घ्या की, भैया,” त्या कुटुंबातील आजोबा म्हणाले.

“वाटेत कसलं सामावणं, काका? जागा नसेल तर दुसरी पंगत!”

मिताली हातातल्या बादलीसह तेथेच उभी राहिली. “दादा, हे वाक्य उद्या इंग्रजीत म्हणाल?”

राजनदादांनी तिच्याकडे असे पाहिले, की आमटी निवली असती. “जेवताना तरी ऑफिस काढू नकोस,” ते चरफडले. परंतु पंगत उठेपर्यंत ते स्वतःच ती वाट राखीत उभे होते.

सोमवारी आराखडा गेला तो सर्व जिन्यांसह, आणि मितालीच्या सहीखाली राजनदादांचीही सही होती. सायंकाळी अमेरिकेतून उत्तर आले: अठ्ठ्याण्णव हजार चालतील, मात्र गुणफलक शेजाऱ्यांपेक्षा मोठा हवा.

“घे! आता हे सामावून घे,” राजनदादा म्हणाले, आणि दोघांनीही एकाच वेळी सुस्कारा सोडला.

त्या दोघांचे कल्याण असो. आणि त्या दूरच्या बाकांवर जे कोणी बसतील, ते हरोत वा जिंकोत, आपापल्या जिन्याने सुखरूप घरी उतरोत.