एवढं उद्या भरते

मीना कागदावर हाताने झेंडूची फुलं काढायची आणि तिचा नवरा हिरामण तो कॉम्प्युटरवर घेऊन चादरीभर पसरवायचा. सातपूरच्या छपाई कारखान्यात दोघांचं हेच काम. कागदाच्या मध्यभागी फुलं काढायची, कडा कोऱ्या ठेवायच्या. मग कागदाचे चार तुकडे करून त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे कोरी जागा मधे येते. ती भरली की चादर ओझरपर्यंत लांबवा, जोड सापडत नाही.

शेवटच्या कागदावर मीनाने तळहाताएवढी जागा सोडून सगळं भरलं. "एवढं उद्या भरते," म्हणाली आणि झोपली. सकाळी उठली नाही.

मालक भिमाजीशेठ दहाव्याला गंगेवर, गोदेच्या घाटावर आले. डोळे पुसले, घसा खाकरला.

"वहिनींचा तो कागद... दिवाळीचा माल आहे, हिरामण."

"थोडी जागा राहिलीय."

"मग तू भर."

"मला फुलं येत नाहीत."

"तिचंच एखादं उचलून चिकटव. कॉम्प्युटर काय पत्ते खेळायला घेतलाय?"

"नको."

"बरं, मग उद्या कारखान्यातल्या ललिताला भरायला सांगतो. फूलच तर आहे."

हिरामण त्याच दुपारी कारखान्यात गेला आणि त्या कोऱ्या जागेसकट छपाई लावून आला. घरी येऊन जेवला, ताट धुतलं, टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. त्याच्याकडे शेत नव्हतं.

भिमाजीशेठांनी छापलेले तागे पाहून कपाळावर हात मारला. पण मालेगावचा व्यापारी म्हणाला, "डिझाइन हवेशीर आहे." तेव्हापासून शेठ सगळ्यांना सांगू लागले, की जागा सोडायची कल्पना त्यांचीच.

वर्षश्राद्धाला पाहुणे त्याच चादरीवर बसले. वर्षभरात हिरामण रडला नव्हता. त्यामुळे पाहुण्यांचीही सोय झाली होती. ते द्राक्षांच्या भावावर बोलत होते. दिंडोरीच्या भागीबाई मावशीने चादर न्याहाळली.

"येवढा मोठा कारखाना, अन् फूल काढायचं इसरले व्हय रं? जाऊ दे. कप ठेवायला लय बेस जागा हाय."

तिने भरला कप तिथे ठेवला. बरोबर बसला.

हिरामण कपाकडे बघत राहिला.

"मावशी, कप उचल."

"का रं? सांडला का?"

"नाही. तिथलं मीनाचं काम राहिलंय."

मावशीने कप उचलला. चहा गार होईपर्यंत तो हातातच धरून बसली.