दोघांची रजा एकाच दिवशी

त्या घरात रजेचा एक नियम होता. एकाने घेतली की दुसऱ्याने त्या दिवशी रजेचं नावसुद्धा काढायचं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, बायको दातांच्या कवळ्या बनवायची, आणि दोघांची मिळून एक सात वर्षांची मुलगी होती. एका जागी बसायची नाही आणि गोड कुठे ठेवलंय ते तिला बरोबर कळायचं, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. शेजारीपाजारी तिच्या आईला दातवाली आणि बापाला लिफ्टवाला म्हणायचे. आपणही तेच म्हणू, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

मुंगी शाळेत जायला लागली आणि पहिल्याच वर्षी दोघांना कळून चुकलं, की शाळेला शिकवण्याची जेवढी हौस आहे त्याहून जास्त बंद राहण्याची आहे. आज शिक्षकांचं प्रशिक्षण, उद्या पाण्याची टाकी धुणार, परवा मतदान. शाळा उघडी असेल त्या दिवशी मुंगीला ताप. आणि शाळाही उघडी, तापही नाही, असा दिवस चुकून उगवलाच, तर दुपारी बाईंचा फोन यायचा, मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या आहेत, येऊन घेऊन जा. म्हणून मग सकाळी मुंगीच्या पलंगाच्या दोन कडांना दोघं बसत आणि मध्ये तापलेली मुंगी ठेवून सौदा करत.

"परवा मी घेतली होती. आज तुझी."

"आज मला सातव्या मजल्यावर लिफ्टचा दोर बदलायचाय. आज तू घे, पुढच्या दोन माझ्या."

"मध्ये उवा निघाल्या तरी?"

"उवा धरून."

आठवड्याच्या सुट्टीचं म्हणाल तर तिथेही आनंदच होता. दातवालीची सुट्टी रविवारी. लिफ्टवाल्याची मंगळवारी, कारण माणसं लिफ्टमध्ये अडकतात ती नेमकी रविवारी. मुंगीला आई मिळायची, बाबा मिळायचा, पण दोघं एकदम मिळायचे ते रात्री, आणि तेव्हा एक भांडी घासत असायचा आणि दुसरा बसल्या बसल्या पेंगत असायचा.

दातवालीच्या कामाच्या खोलीत तिच्यासमोरच्या टेबलावर एक तरुण बसायचा. त्याचं लग्न व्हायचं होतं आणि त्याची त्याला अजिबात घाई नव्हती. दर दोन महिन्यांनी तो कुठल्यातरी डोंगरावर जाऊन रापून यायचा. सगळे त्याला फिरस्ता म्हणत. एकदा प्लास्टरचा साचा घासता घासता त्याने विचारलं, "ताई, तुमच्या रजा जातात तरी कुठे? वर्षाला वीस मिळतात. मला तर पुरून उरतात."

दातवाली मेणाच्या हिरडीत एक सुळा बसवत होती. तो सरळ बसल्याशिवाय तिने मान वर केली नाही.

"तुला पुरतात, कारण तुझ्या घरात तू एकटाच आजारी पडतोस. माझ्या वीसमध्ये मुंगीची आजारपणं, शाळेची आजारपणं आणि मुंगीला सांभाळणाऱ्या मावशींचे गुडघे, एवढं सगळं बसवायचं असतं. मी स्वतः तीन वर्षांत शिंकलेसुद्धा नाही. परवडत नाही मला."

पॉलिशच्या चाकापाशी बसलेल्या काकू एवढ्या हसल्या, की कोणाची तरी कवळी त्यांच्या हातून सुटता सुटता राहिली. त्यांनी तीन मुलं अशीच वाढवली होती. आतून मालक आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांची मुलं त्यांच्या बायकोने वाढवली होती. ते म्हणाले, "सगळ्यांना सारख्याच रजा आहेत. यात अन्याय कुठे आला?"

"सर, एकाच मापाची कवळी सगळ्यांना वाटून बघू या का?" दातवालीने विचारलं.

मालक "बघू" म्हणून आत गेले. बघू म्हणजे नाही, हे तिथे सगळ्यांना पाठ होतं.

आणि त्याच वर्षी वर्षाच्या शेवटी चमत्कार झाला. मावशींच्या गुडघ्यांनी साथ दिली, उवांनी दुसरं घर बघितलं, आणि दोघांच्याही नावावर एकेक रजा उरली. वर्ष संपलं की ती बुडणार होती. दातवालीने स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला आणि त्याच्या आवाजाआड नवऱ्याला सांगितलं, "एकाच दिवशी घेऊ या. शाळा उघडी असताना. तिला मुद्दाम घरी ठेवू."

"आणि जायचं कुठे?"

"कुठे नाही. तिघं धडधाकट असताना एक दिवस घरी असावं, एवढंच पाहिजे मला."

ते तिला फार म्हणजे फारच हवं होतं. मुलगी दर काही महिन्यांनी बोटभर उंच होत होती आणि ती कशी होते ते दोघांनी मिळून बघितलंच नव्हतं. लिफ्टवाल्याने नळ बंद केला आणि म्हणाला, ठरलं.

मुंगीला मात्र ताकास तूर लागू द्यायची नाही, असंही ठरलं. मागे एकदा तिला बाहेर न्यायचं कबूल केलं होतं आणि ऐन वेळी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं. त्या संध्याकाळचं रडणं शेजाऱ्यांनाही आठवत होतं.

तो आठवडा दोघांनी जीव मुठीत धरून काढला. मुंगी जरा खोकली की स्वयंपाकघरातून दोघं धावत येत आणि तिच्या कपाळावर एकदम दोन हात पडत. रात्री दोघं कुजबुजत. मुंगी जवळ आली की गप्प होत आणि तिच्याकडे बघून उगाच गोड हसत. दातवाली तिला जेवताना आग्रह करी. लिफ्टवाला तिला, काही कारण नसताना, उचलून कडेवर घेई. मोठ्या माणसांना वाटतं की आपण फार हुशारीने लपवतोय. लहान मुलं सगळं बघतात आणि त्यांना जमेल तसा त्याचा अर्थ लावतात.

तो दिवस उजाडला. मुंगीला कोणी हाक मारली नाही. ती आपणच उठली आणि दारात उभी राहिली. बाबा कामाच्या कपड्यांत नव्हता. आई केस मोकळे सोडून खिडकीत बसली होती. दप्तर कोपऱ्यात होतं तसंच होतं.

"शाळा?" मुंगीने विचारलं.

"आज नाही जायचं," आई हसून म्हणाली.

"तू नाही गेलीस?"

"माझी रजा आहे. बाबाची पण आहे. दोघांची."

दोघं तिच्याकडे टक लावून बघत राहिले. आता ती उडी मारेल, असं त्यांना वाटलं. मुंगीने एकदा आईकडे बघितलं, एकदा बाबाकडे बघितलं, आणि आत जाऊन पलंगावर आडवी झाली.

थोडा वेळ त्यांनी वाट बघितली. मग लिफ्टवाला आत गेला, त्याच्यामागे दातवाली. मुंगी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, दोन्ही हात वर काढून, छताकडे बघत पडली होती. तिला असं निश्चल पडलेलं त्यांनी झोपेतसुद्धा बघितलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला काय झालंय?"

"काय झालंय?"

"ते तुम्ही सांगत नाही ना, ते."

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"ताप आला की एक जण घरी राहतो," मुंगी समजावून सांगावं तसं म्हणाली. "कांजिण्या झाल्या तेव्हा पण एकच जण होता. आज दोघं आहात. म्हणजे मोठं काहीतरी आहे." मग जरा थांबून म्हणाली, "माझे खडू माझ्या बाकावरच्या मुलीला द्या. सोनेरी सोडून. तो मी आधी संपवते."

लिफ्टवाला हसत हसत जमिनीवरच बसला. दातवालीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. तिने मुंगीला पांघरुणासकट मांडीवर ओढलं. "काही नाही झालं गं तुला. काहीसुद्धा नाही. उगीचच घेतलीय रजा. आपण तिघांनी मजा करावी म्हणून."

मुंगीचा विश्वास बसला नाही. तिने ताप बघायला लावला. ताप नव्हता. तिने जीभ बाहेर काढून दाखवली, डोकं चाचपायला लावलं. उवाही नव्हत्या. तेव्हा ती उठून बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसायच्या आधी राग दिसला.

"मग रजा कशाला घेतली? वाया गेली ना. ठेवायची होती जपून. मला ताप आल्यावर काय करणार तुम्ही?"

आजवर दातवालीला वाटायचं की रजेची ओढाताण ती आणि तिचा नवरा करतात, मुलीला त्याची झळ लागत नाही. पलंगाच्या दोन कडांना बसून त्यांनी केलेला एकेक सौदा मध्ये पडलेल्या पोरीने ऐकला होता. तिला फार वाईट वाटलं.

लिफ्टवाला मात्र कामाचा माणूस. त्याने मुंगीला तिच्याच भाषेत सांगितलं, "ही रजा ठेवता येत नाही. वर्ष संपलं की जाते."

"कुठे जाते?"

"मालकांच्या पोटात."

मुंगीने विचार केला. "मग आपणच खाऊ," ती म्हणाली आणि पलंगावरून उडी मारली.

त्यानंतर घरात जो गोंधळ सुरू झाला त्याला तोड नव्हती. उशांची लढाई झाली, त्यात लिफ्टवाला हरला. मग तिघं फिरायला निघाले. मुंगीने एका हाताने आईला धरलं, दुसऱ्या हाताने बाबाला, आणि दर चार पावलांनी पाय वर उचलून लोंबकळली. इतके दिवस तिला एका हाताने लोंबकळावं लागायचं, त्यात काही जीव नसतो. फळवाल्याने विचारलं, आज शाळा नाही वाटतं? "आमची रजा आहे," मुंगी म्हणाली, "आणि मला काहीही झालेलं नाही." हेच तिने नंतर पहारेकऱ्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, आणि एका अनोळखी आजींना रस्त्यात थांबवून सांगितलं. आजी म्हणाल्या, चांगलं झालं बाई.

दुपारी जेवणं झाल्यावर तिघं जमिनीवर पत्ते मांडून बसले. एरवी घरात एकच मोठं माणूस असायचं, म्हणून मुंगीला दोघांचेच खेळ येत होते. तिघांचा खेळ बाबा शिकवत होता आणि शिकवता शिकवता सरळ सरळ फसवत होता. तेवढ्यात दातवालीचा फोन वाजला. मालक होते.

मालकांचा आवाज असा, की फोन कानाला लावला तरी खोलीभर ऐकू यावा. एका आजोबांची कवळी हातातून पडून मधोमध दुभंगली होती. उद्या संध्याकाळी नातीचं लग्न. "जोडायचं काकू बघतील, पण पुढचे दात तुमच्यासारखे कोणाला बसवता येत नाहीत. दोन तास या फक्त. आणि हे बघा, आजची रजा मी धरतच नाही. पुढच्या वर्षात घालतो. अख्खी."

अख्खी रजा. मालकांच्या तोंडून असं काही पहिल्यांदाच निघत होतं. अख्खी रजा म्हणजे एक ताप, किंवा एक टाकी, किंवा दोन वेळच्या उवा. नको म्हणणं हा शुद्ध वेडेपणा होता. दातवालीने नवऱ्याकडे बघितलं. तो आपले पत्ते लावत राहिला. तू म्हणशील तसं, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मुंगीने हातातले पत्ते उपडे ठेवले. "जा, आई," ती म्हणाली. "एक ताप फुकट मिळतोय."

ती रुसून म्हणाली असती, तर दातवालीने तिची समजूत काढली असती, कपडे बदलले असते आणि ती गेली असती. पण मुंगी अगदी शहाण्यासारखं म्हणाली. एखाद्या मोठ्या बाईने म्हणावं तसं. आणि तेच तिच्या आईला सहन झालं नाही.

"सर," ती म्हणाली, "मी उद्या उजाडायच्या आत येऊन बसते. दुपारपर्यंत आजोबांच्या तोंडात दात असतील, त्यांना सांगा पोटभर हसायची तयारी ठेवा. पण आज मला येता येणार नाही."

"का, घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही, सर. आज घरी कोणीच आजारी नाही. म्हणूनच."

मग मालक "बरं" म्हणाले. बघू म्हणाले नाहीत.

दातवालीने फोन बाजूला ठेवला. मुंगी तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. "आई, आणि पुढच्या वर्षी एक ताप कमी पडला तर?"

"पडू दे," आई म्हणाली. "उचल पत्ते. डाव माझा आहे, आणि तुझा बाप फसवतोय."