शंकूचा जोड

पाइनच्या जातकुळीतली झाडं मरताना सुद्धा वाटण्या करून मरतात. जीवाश्म होताना पानं एका दगडात जातात, शंकू, म्हणजे त्यांची शंकूसारखी फळं, भलत्याच दगडात. कुठला शंकू कुठल्या पानांचा, हे ठरवण्यात संग्रहालयातल्या त्या संशोधक बाईची सहा वर्षं गेली होती. पानांवरून ओळखावं, तर दहा झाडांची पानं सारखीच. खात्रीचा पुरावा एकच: फांदीला लागलेला शंकू. तसा एकुलता एक दगड जुन्या कपाटात तिला मिळाला, आणि त्याच्या जोरावर तिचा लेख छापायला निघाला. छापून आला की बाबांना दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं.

संपादकाने फक्त जोडाचा जवळून फोटो मागितला. धूळ जावी म्हणून तिने ॲसिटोनचा बोळा फिरवला. जोड पिवळा पडला, चिकट तार सुटली आणि कोट्यवधी वर्षांचा शंकू अलगद तळहातावर आला. गम!

संग्रहालयातले दगड तीस वर्षं एकाच माणसाने साफ केले होते. तो माणूस घरी आरामखुर्चीत शब्दकोडं सोडवत बसला होता.

"बाबा, हा शंकू तुम्ही चिकटवला?"

बाबांनी चष्मा लावला आणि चेहरा उजळला. "हा होय! दगड काचेत मांडायचा होता, फांदी बोडकी दिसत होती. बसवला. जोड ओळखला का गं कुणी?"

"नाही ना ओळखला! तेच तर!" ती ओरडलीच. "निदान त्याच दगडातला होता?"

"छे, दुसऱ्या पेटीतला. मापाचा शोधायला दोन दिवस लागले."

तिने कपाळावर हात मारून घेतला. दगड वाचायला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच सहा वर्षांवर बोळा फिरवला होता. संतापाने तिला रडू फुटलं.

संपादकाला खरं कळवणं भाग होतं. कुणी जोडलं, हेही. जेवणाच्या टेबलाशी बसून तिने पत्र लिहायला घेतलं. 'पूर्वीच्या एका कर्मचाऱ्याने', एवढंच लिहिलं. कितीही राग आला तरी म्हातारपणी बापाची छी थू तिला नको होती.

बाबा मागे उभे राहून वाचत होते.

"कर्मचारी काय? माझं पूर्ण नाव लिही."

"बाबा, ही चूक आहे. ती तुमच्या नावावर लागेल."

"लागू दे. तीस वर्षांत संग्रहालयातल्या एकाही पाटीवर नाव आलं नाही माझं."

तिने लिहिलं. बाबांनी वाकून एकेक अक्षर तपासलं.