बुवांच्या गौळणीची तिसरी ओळ

काशीराम गवसांना सगळी गौळण येत होती, फक्त तिसरी ओळ कुठे वळते तेवढं ते विसरले होते. आता नेमकी तीच ओळ विसरावी, काय म्हणायचं या माणसाला! गौळणीची चाल धोंडिराम बुवांनी स्वतः बांधलेली. बुवा गेले, मिल गेली, भजनमंडळातले एकेक करून सगळे गेले. चाल ठाऊक असलेला माणूस उरला हा एकच, आणि तोही अर्धवट. त्यात नातीने, जान्हवीने, सोसायटीच्या गणपतीत हीच गौळण गायचं कबूल केलेलं. दहा दिवस राहिले होते आणि आजोबांचा जीव टांगणीला लागला होता.

आधार काय तो एका कॅसेटचा, पंचेचाळीस वर्षांपूर्वी चाळीच्या गणपतीत भरलेल्या. मुलगा निलेश ती मालाडच्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊन आला. फोनवर ऐकून जान्हवी म्हणाली की तिसऱ्या ओळीला दोन आवाज दोन वाटांनी जातात, एक वर चढतो, एक खाली उतरतो. त्यातला बुवांचा कुठला, हे फक्त आजोबाच सांगू शकणार. पण मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, वीस वर्षं काढलेल्या त्यांच्या कानांना फोनचा तो चिरका आवाज कळेल तर शपथ. हेडफोन चढवला की कानातलं मशीन शिट्ट्या मारायचं. मग निलेशने कॉम्प्युटर हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि मोठ्या स्पीकरना जोडला. लावलं, तर बुवांच्या आधी आली घूं! तिसऱ्या ओळीला बुवा आवाज अगदी हळू करत, आणि तेवढीच ओळ त्या घूंमध्ये बुडाली.

निलेशने ठरवलं, कॉम्प्युटरचं साउंड कार्डच भिकार. तीन दिवस घरात दुसरा विषय नाही, चोवीस बिट काय नि एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ काय. काशीरामांची बायको जानकी शेवटी वैतागली. "एवढ्या आकड्यांत बुवा खंय बसतले?" तिने विचारलं. नवं कार्ड बसलं. टाळ खणखणीत वाजू लागले, पेटी मोकळी झाली. घूं मात्र होती तिथेच.

"टेपच गेलीय, बाबा," निलेश म्हणाला. "घूं तिच्यातच आहे."

  पण मिलमध्ये कापडात दोष निघाला की सुताला शिव्या देण्याआधी काशीराम साचा तपासत, आणि तोही हाताने, कारण त्या गोंगाटात ऐकू कुठलं यायला. ते उठले, स्पीकरवर पंजा ठेवला आणि निलेशला गाणं थांबवायला सांगितलं. गाणं थांबलं. पंजाखाली स्पीकर थरथरतच होता.

"गाणं बंद आहे ना? मग ही घूं कोण करतोय?"

निलेशने स्वतः पंजा ठेवून पाहिला. टेप चांगली होती! त्याने कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायरमधली वायर उपटली, घूं गेली. परत लावली, घूं हजर. दोघांच्या अर्थिंगची काहीतरी भानगड, आणि ती या वायरवरून ये-जा करत होती. नव्या कार्डाला मागे रबरी बूच लावलेलं एक भोक होतं, ऑप्टिकल आउटपुटचं. ते टीव्हीवाल्यांसाठी असेल म्हणून निलेशने सोडून दिलं होतं. त्यातून आवाज प्रकाशाच्या रूपात जातो, वीज नाहीच, तर घूं येणार कशावर बसून? अ‍ॅम्प्लिफायरलाही तसंच भोक निघालं. संध्याकाळी तो कांदिवली स्टेशनजवळून ऑप्टिकल केबल घेऊन आला. एक टोक लावल्यावर दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला. काशीरामांनी तो क्षणभर तळहातावर घेऊन पाहिला.

गाणं लागलं. आधी नुसती शांतता, मग कुणाचं तरी खाकरणं, मग पेटी. तिसरी ओळ आली. काशीरामांनी डोळे मिटले.

"वरचा बुवांचा," ते म्हणाले.

"मग खालचा कोण?" जान्हवीने विचारलं.

त्यांनी ओळ पुन्हा लावायला सांगितली. कोवळा, दणकट, भलताच आत्मविश्वास असलेला आवाज बिनदिक्कत खाली उतरत होता. काशीराम हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तो मी," ते म्हणाले. "विसरलो नव्हतो गं. मला ती तेव्हाही येत नव्हती."

जान्हवीने पेटी पुढे ओढली आणि ओळ वर नेली. "आता माझ्या मागून, आजोबा," ती म्हणाली. स्वयंपाकघरात जानकीने शिट्टी मध्ये येऊ नये म्हणून कुकरखालचा गॅस बंद केला. नातीच्या मागून, जरा फाटक्या आवाजात का होईना, काशीरामांनीही ओळ वर नेली.