गोळ्या चालू हायेत

“ताई नाही आल्या आज?” रुहीनं विचारलं.

किशोर खुर्चीच्या कडेला अवघडून बसला होता. “भातलावनी चाललीया न्हवं,” तो म्हणाला. “तिला कुटला वेळ?”

“असू दे. आज नमुना तुमचाच हवा होता, तो मिळाला. त्यांची पाळी कधी आली?”

“आली... गेल्या सोमवारी.”

रुहीनं तारीख टिपून घेतली. किशोरनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. पिंकीला माहेरी जाऊन दीड महिना होत आला होता. तिची पाळी कधी येते आणि कधी जाते, हे त्याला कळायचं आता काही कारणच उरलं नव्हतं.

पुण्यातल्या त्या दवाखान्यात पुरुषांच्या वंध्यत्वावर संशोधन चाललं होतं. ज्यांचे शुक्राणू संख्येनं पुरेसे, पण चालीला मंद, असे पुरुष त्यांनी निवडले होते. निम्म्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण बिनऔषधाची. कुणाला कोणती मिळाली, ते शेवटपर्यंत रुग्णालाही कळणार नव्हतं आणि डॉक्टरांनाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी किशोरला आणि पिंकीला समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. “तुमचे शंभरातले दहा-बाराच पुढे जातात, बाकीचे जागच्या जागी वळवळत राहतात,” ते म्हणाले. पिंकीनं तेव्हा टेबलाखालून किशोरचा हात धरला. बाहेर आल्यावर तीच म्हणाली, “औषध हाय म्हंजी इलाज हाय. घ्यायची गोळी, हाय काय न् न्हाई काय.”

एवढं सोपं करून टाकायची तिची रीतच होती.

किशोर पौड ते कोळवण वडाप चालवायचा. स्वतःची जीप, सकाळी पहिली फेरी दूधवाल्यांची, मग शाळेची पोरं, मग बाजारची माणसं. दिवसभर गाडीत खच्चून माणसं असायची. संध्याकाळी घरी मात्र तो आणि आई, तुळजाबाई. वडील कुशाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आणि त्या चार वर्षांत तुळजाबाईच्या तोंडी एकच विषय होता.

“नऊ वर्सं झाली,” ती येईल-जाईल त्याला सांगायची. “खडकावर बी पेरलं असतं तरी उगवलं असतं.”

पिंकी ऐकून घ्यायची. तपासणीचा निकाल लागला त्या दिवशीही तिनं ऐकून घेतलं. रात्री फक्त किशोरला म्हणाली, “तुमी एकदा सांगा त्यास्नी. माज्या तोंडानं बरं दिसत न्हाई.”

“सांगतो.”

सांगतो सांगतो म्हणता चैत्र गेला, वैशाख गेला. मग चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण आलं. पिंकी ताट घेऊन ओटी भरायला पुढं झाली, तशी तुळजाबाईनं सगळ्या बायकांसमोर तिचा दंड धरला. “तू नगं. तू मागं सर.” ताट पिंकीच्या हातातच राहिलं. तिनं दारात उभ्या असलेल्या किशोरकडे बघितलं. किशोर मागं वळला आणि जीपच्या टायरात हवा आहे का, ते वाकून बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. ती भांडली नाही. आठवडाभरानं भावाचा निरोप आला, की पोरगी परत यायची नाही. कोर्टाच्या वाटेला कुणी गेलं नाही. दोन्हीकडची भावकी देवळात बसली आणि सोडचिठ्ठी करून उठली. “पोराला पोर पायजे, त्याचं बी चुकलं न्हाई,” असं त्या बैठकीत कुणीतरी म्हणालं. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. किशोर सतरंजीच्या काठाचा दोरा ओढत राहिला.

तरी गोळ्या त्यानं सोडल्या नाहीत. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सकाळी चहाबरोबर एक, रात्री जेवल्यावर एक. आणि दर पंधरवड्याला रुहीचा फोन यायचा. ती संशोधनाचं काम बघणारी मुलगी होती. बोलणं पुणेरी, शुद्ध, पण आवाज मऊ.

“किशोरदादा, गोळ्या चालू आहेत ना?”

“चालू हायेत.”

“मळमळ वगैरे? झोप लागते का नीट?”

“लागती.”

“जेवण जातंय?”

“जातंय की.”

“आणि ताई? बऱ्या आहेत?”

“बरी हाय. रानात गेलीया,” किशोर म्हणायचा. कधी ‘धुणं घेऊन वड्यावर गेलीया’, कधी ‘भाकरी थापतीया’. असं सांगताना तो जीप कडेला घ्यायचा, आवाज खाली आणायचा. फोन ठेवल्यावर घटकाभर त्याला खरंच वाटायचं, की घरी गेल्यावर चुलीपुढं पिंकी दिसेल. झोप लागते का, जेवण जातंय का, हे त्याला त्या पावसाळ्यात दुसऱ्या कुणी विचारलं नाही.

भाताच्या लोंब्या भरायला लागल्या होत्या. एका दुपारी पौडच्या स्टँडवर एक म्हातारा-म्हातारी जीपपाशी आली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर नवी टोपी, म्हातारीच्या हातात पेढ्याचा पुडा. खोऱ्याच्या अगदी वरच्या अंगाला जायचं होतं त्यांना. गावाचं नाव ऐकलं आणि किशोरचा हात स्टिअरिंगवर थबकला. पिंकीचं माहेर.

दोघं पुढं त्याच्याशेजारी बसली. मागं त्याच्याच गावातल्या चार-पाच बायका बाजारच्या पिशव्या घेऊन कोंबल्या होत्या. म्हातारा बोलका होता. नाव कोंडिबा, पिरंगुटकडचा. थोरल्या लेकाची बायको काविळीनं गेलेली, पदरात तीन वर्षांची पोरगी. लेक कंपनीत कामाला.

“सोयरीक बघाया निघालोय,” तो म्हणाला. “दुसरेपनाचीच हाय. आमचा बी दुसरेपनाचाच. तुमी हितलंच का?”

“व्हय. हितलाच.”

“मग तुमाला ठाव असंल. कोळवणच्या अंगाला कुनी कुशाबा हुता, त्याची सून. पिंकी नावाची. सोडलीया तिला.”

मागच्या बायका गप्प झाल्या. पिशव्यांची सळसळसुद्धा थांबली.

“पोरगी गुनाची हाय म्हनत्यात,” कोंडिबा पुढं म्हणाला. “पर हिचं मन घेईना.” त्यानं बायकोकडे बोट केलं.

“कसं घेईल?” म्हातारी म्हणाली. “नऊ वर्सं नांदली आन् कूस उजवली न्हाई. आमच्या पोराला एक ल्योक नगं का? आता शबूद दिलाय तर तोंड दावून यायचं. चा पिऊन माघारी. पेढं बी त्यांच्या हातात देनार न्हाई मी.”

रस्ता चढाचा होता. किशोरनं गिअर बदलला. वाटलं, गप्प बसावं. अजून तासाभरात ही दोघं चहा पिऊन उठतील, आणि पिंकी आत चुलीपाशी कप विसळत बसेल. तिनं काही विचारलं तर भाऊ सांगेल, जमलं न्हाई. मग ती तिथंच राहील, खोऱ्याच्या वरच्या अंगाला, आठ-दहा मैलांवर. दुसऱ्याची होणार नाही. हा विचार मनात आला आणि तो आपल्याला बरा वाटला, हे किशोरला कळलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

त्यानं जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“काय झालं वं?” कोंडिबानं विचारलं.

“मी कुशाबाचा पोरगा,” किशोर म्हणाला. “किशोर. तिचा नवरा मीच हुतो.”

म्हातारीनं पेढ्याचा पुडा छातीशी धरला.

“तिच्यात कायबी खोट न्हाई,” तो म्हणाला. समोरच्या काचेकडे बघत तो सावकाश बोलत राहिला. “सगळ्या तपासन्या झाल्यात तिच्या. पुन्याच्या मोठ्या डाक्टरांनी सांगितलंया. दोष माज्यात हाय. माज्यावर औषधाची तपासनी चाललीया तितं, गोळ्या खातोय मी. निकाल लागल्यापासनं तिनं माजं झाकून ठेवलं. नऊ वर्सं लोकांची बोलनी खाल्ली, माज्या आईची खाल्ली, पर एका शबदानं मला उघडं पाडलं न्हाई.”

कोंडिबानं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

“चला,” तो हलकेच म्हणाला. “त्यांची जेवनं खोळंबली असतील.”

किशोरनं त्यांना गावाच्या कमानीपाशी सोडलं. म्हातारीनं उतरताना भाड्याचे पैसे पुढं केले. त्यानं ते घेतले. मग ती नवऱ्यामागून चालू लागली.

दिवस मावळायच्या आत बातमी खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. किशोर घरी आला तेव्हा तुळजाबाई पडवीत अंधारातच बसली होती.

“खरं हाय?”

“व्हय.”

“तिला ठाव हुतं?”

“निकाल लागला तवापासनं.”

“आन् त्या डव्हाळजेवनाच्या दिशी?”

“ठाव हुतं.”

“तुला बी?”

तुळजाबाई उठली. चुलीवरची भाकरी करपली होती, ती तशीच त्याच्या ताटात वाढली आणि न जेवता आत जाऊन पडली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कामापुरतं बोलायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं मात्र तिनं बंद केलं.

स्टँडवरच्या ड्रायव्हरांना नवा खेळ मिळाला. “किशोरची जीप फस्ट गेरातच चालती रं,” कुणी म्हणायचं, आणि सगळे चहाचे कप हातात घेऊन खिदळायचे. किशोर आपला नंबर आला की गाडी काढायचा. शेजारच्या बायका आधी पुढच्या सीटवर बसायच्या, गप्पा मारायच्या. आता त्या मागं बसू लागल्या. त्यात वाईट हेतू नसावा. त्याच्याशी काय बोलावं, हे त्यांनाही सुचत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर दवाखान्यात शेवटची फेरी होती. नमुना देऊन तो रुहीच्या टेबलापाशी आला. तिनं नेहमीसारखं विचारलं, “ताईंची पाळी?”

“म्याडम,” तो म्हणाला, “ती न्हाई माज्याकडं. जेष्ठातच गेली. तवापासनं मी जे सांगितलं ते समदं खोटं हाय.”

रुहीचं पेन थांबलं. “आणि फोनवर... भाकरी थापतायत, ओढ्यावर गेल्यात?”

“ते बी.”

ती रागावली नाही. “मला हे लिहावं लागेल, दादा. त्यांच्याबद्दलची माहिती धरता येणार नाही. तुमच्या तपासण्या मात्र चालतील.” मग तिनं हळूच विचारलं, “मग तुम्ही येत का राहिलात?”

“गोळ्या अर्ध्यात सोडू नगा म्हनला हुता तुमी.”

निकाल संध्याकाळी मिळाला. डॉक्टर स्वतः बाहेर आले. “चांगली बातमी आहे,” ते म्हणाले. “गती वाढलीये. आता शंभरातले पस्तीस पुढे जातायत. निदान इतके मूल झालेल्या जवळपास सगळ्यांचेच असतात.”

“गोळी खरी हुती का मग?”

“ते अजून आम्हालाही माहीत नाही. कधीकधी नुसती गोळी घेतोय म्हणूनही फरक पडतो. कधी आपोआपच पडतो. पण आता मूल व्हायला हरकत नाही, असं समजा.”

“बरं,” किशोर म्हणाला. त्यानं हात जोडले. जिन्यावरून उतरताना त्याच्यापुढं एक जोडपं होतं. पोरगी नवऱ्याला म्हणत होती, “पायऱ्या बघून उतरा.” त्यांना पुढं जाऊ देण्यासाठी तो मधल्या वळणावर थांबला, आणि ती दोघं गेल्यावरही बराच वेळ तिथंच उभा राहिला.

घरी त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, गोळ्या संपल्याचंही नाही.

माघात कोंडिबाच्या लेकाशी पिंकीचं लग्न ठरलं. माहेरच्याच देवळात, मोजक्या माणसांत. किशोरला आणि आईला कुणी बोलावलं नव्हतं. पण लग्नाच्या सकाळी तुळजाबाई धुतलेलं लुगडं नेसून जीपपाशी येऊन उभी राहिली. हातात नवी साडी, वर खण आणि नारळ.

“मला तितं सोड,” ती म्हणाली. “तू खाली उतरू नगंस. मी जाऊन येते.”

“आई, त्यांनी हाकललं तर?”

“हाकलू दे. माज्या तोंडानं बोललीया मी, माज्या पायानं जायाला नगं?”

किशोरनं गावाबाहेरच्या जांभळीखाली जीप लावली. आई पांदीनं सावकाश चालत गेली. देवळाकडून सनईची टेप ऐकू येत होती. मधेच माणसांचा गलका झाला, अक्षता पडल्या असाव्यात. किशोर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

दोन माणसं शेतातून वर आली. “पौडला जानार का?”

“न्हाई.”

“रिकामीच तर हाय की गाडी.”

“भरलीया,” किशोर म्हणाला. त्यांनी आत वाकून बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि पायी निघून गेली.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा तुळजाबाई परतली. हात रिकामे होते. शेजारी बसून तिनं पदरानं तोंड पुसलं.

“घेतली साडी?”

“घेतली. जेवल्याबिगर सोडीना मला. शेजारी बसून वाढलं तिनं.” तिनं पदर सावरला. “पोरगी हाय त्या नवऱ्याची. हिच्या मांडीवरून उतराया तयार न्हाई.”

“बरं झालं.”

“तुजं इचारलं.”

किशोरनं किल्ली फिरवली होती, पण इंजिन सुरू केलं नाही. “काय?”

“गोळ्या घेतोय का म्हनली.”

“तू काय सांगितलंस?”

“घेतोय म्हनलं. मला काय ठाव?”

“बराबर हाय,” किशोर म्हणाला. त्यानं जीप सुरू केली, आईच्या बाजूचं दार नीट लागलंय का ते हात लांब करून बघितलं, आणि उतारावरून गाडी हळूहळू खाली काढली.